गेम बॉयचं २५६ बाइटांचं कुलूप

गेम बॉय चालू केला की पडद्यावर वरून निन्टेन्डो या कंपनीचं नाव हळूहळू खाली उतरतं, 'टिंग' असा आवाज होतो आणि मग खेळ सुरू होतो. १९८९ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या या हातातल्या व्हिडिओ गेमच्या यंत्राची ही सलामी नुसती शोभेची नाही. त्या काही सेकंदांत यंत्र आत घातलेल्या कार्ट्रिजची, म्हणजे खेळ साठवलेल्या डबीची, झडती घेत असतं. कंपनीच्या परवान्याशिवाय, हौसेखातर स्वतःचे खेळ आणि स्वतःची कार्ट्रिजं बनवणाऱ्यांना, म्हणजे होमब्रूवाल्यांना, पहिल्यांदा याच झडतीतून पार पडावं लागतं.

प्रोसेसरच्या चिपमध्येच २५६ बाइटांचा एक प्रोग्रॅम कायमचा कोरलेला आहे. तो कार्ट्रिजमधले ठरावीक ४८ बाइट वाचतो. निन्टेन्डोच्या नावाचं चित्र त्या ४८ बाइटांत असतं. हे चित्र पडद्यावर उतरवून झालं की तेच बाइट तो पुन्हा वाचतो आणि आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून बघतो. एक बिट जरी वेगळा निघाला तरी यंत्र तिथंच अडून बसतं. कार्ट्रिज न घालता गेम बॉय चालू केला तर नावाच्या जागी काळा ठोकळा उतरतो, कारण रिकाम्या खाचेतून सगळे बिट १ असेच वाचले जातात.

यातली खरी मेख कायद्याची होती. खेळ चालवायचा तर निन्टेन्डोचा ट्रेडमार्क आपल्या कार्ट्रिजमध्ये घालावाच लागणार, आणि तो घातला की कंपनी कोर्टात खेचायला मोकळी. विनापरवाना खेळ विकणाऱ्या काहींनी त्यातूनही वाट काढली. बाइट दोनदा वाचले जातात ना, मग पहिल्या वेळी आपलं नाव पुढं करायचं आणि दुसऱ्या वेळी निन्टेन्डोचं! सेगा कंपनीनंही आपल्या यंत्रात असंच ट्रेडमार्कचं कुलूप घातलं होतं, आणि विनापरवाना खेळ विकणाऱ्या अ‍ॅकोलेड कंपनीला कोर्टात खेचलं होतं. त्या खटल्यात १९९२ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं सेगाच्या विरोधात कौल दिला.

ते २५६ बाइट मात्र बरीच वर्षं कोणाला वाचता आले नव्हते. काम संपताच हा प्रोग्रॅम स्वतःला मेमरीच्या नकाशातून, म्हणजे प्रोसेसरला दिसणाऱ्या पत्त्यांतून, पुसून टाकतो, त्यामुळे कार्ट्रिजमधून कितीही डोकावलं तरी तो दिसत नाही. शेवटी २००३ साली एका हौशी माणसानं चिपचं आवरण काढलं, तिला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि २,०४८ बिट एकेक करून डोळ्यांनी वाचून काढले. माझ्या मते होमब्रूच्या इतिहासातलं हे सगळ्यात देखणं काम आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण हे अख्खं यंत्र एका माणसाला समजू शकतं. आजच्या फोनबद्दल असं म्हणणारा इंजिनिअर भेटणार नाही. गेम बॉयमध्ये ८ किलोबाइट कामाची मेमरी, ८ किलोबाइट चित्रांची मेमरी, १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा पडदा आणि चार छटा. बस्स. प्रत्येक तार आणि प्रत्येक बाइट कशासाठी आहे हे हौशी लोकांनी खणून काढून लिहून ठेवलं आहे.

पण समजणं सोपं म्हणून लिहिणंही सोपं, असं नाही. पडदा सेकंदाला जवळजवळ ६० वेळा रंगवला जातो. एक ओळ रंगत असताना ठरावीक काळ प्रोसेसरला चित्रांच्या मेमरीला हात लावता येत नाही. सलग मोकळीक मिळते ती शेवटची ओळ रंगून झाल्यावर, जेमतेम १.१ मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरची १,१४० चक्रं, म्हणजे कामाचे ठोके, होतात. साध्या लूपनं, म्हणजे त्याच सूचना पुन्हापुन्हा चालवून, एक बाइट हलवायला १३ चक्रं लागतात, म्हणजे साधारण ८७ बाइट हलतात. आठ गुणिले आठ ठिपक्यांचा एक चौकोन १६ बाइटांचा. हिशेब केला तर एका खेपेत पाच चौकोन! म्हणून होमब्रूवाले लूप मोडून त्याच सूचना एकाखाली एक लिहून काढतात. प्रोग्रॅम लांबतो, पण प्रत्येक बाइटमागची चक्रं निम्म्याहूनही कमी होतात.

याच चौकोनांमुळे मराठी मजकूर दाखवणं ही मोठी गमतीची समस्या होते. इंग्रजी अक्षर एका चौकोनात आरामात बसतं. 'ष्ट्र' बसवायचं म्हटलं तर वर शिरोरेषा, खाली पाय, आणि रुंदी प्रत्येक अक्षराची वेगळी. उपाय आहे. पडद्यावर २० गुणिले १८, म्हणजे ३६० चौकोन दिसतात आणि मेमरीत ३८४ मावतात. प्रत्येक जागेला स्वतंत्र चौकोन देऊन सगळा पडदा कोरी पाटी मानायचा आणि त्यावर अक्षरं ठिपक्या-ठिपक्यानं काढायची. एका वेळी पार्श्वभूमीला २५६ चौकोनच वापरता येतात, तेव्हा पडदा अर्धा रंगून झाला की मधेच गठ्ठा बदलायचा. ज्याला असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा, येते त्यानं हे करून बघावंच.

असेंब्लीत खेळ लिहायला आरजीबीडीएस हे साधन आहे, सी भाषेसाठी जीबीडीके-२०२०, आणि एक ओळही न लिहिता खेळ बनवायचा तर २०१९ साली आलेला जीबी स्टुडिओ. तिन्ही फुकट आहेत. संगीतकारांनी तर या यंत्राचं वाद्यच करून टाकलं. नॅनोलूप आणि एलएसडीजे हे प्रोग्रॅम त्यातल्या चार ध्वनीवाहिन्यांवर संगीताचे अख्खे कार्यक्रम चालवतात.

हार्डवेअरची वाट कार्ट्रिजच्या खाचेतून जाते. तिथं ३२ पिना आहेत. त्यातल्या १६ पिनांवरून प्रोसेसर मेमरीतला पत्ता विचारतो आणि ८ पिनांवर उत्तराची वाट बघतो. उत्तर एका मायक्रोसेकंदाच्या आत यायला हवं, पण ते खऱ्या मेमरीकडूनच आलंय का, हे तपासायची सोय गेम बॉयकडे नाही. तिथं मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, बसवला तरी त्याला फरक कळत नाही, आणि म्हणूनच वायफायवर बोलणारी कार्ट्रिजंसुद्धा लोकांनी बनवली आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळणारा रास्पबेरी पाय पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड या कामाला वेगानं पुरतो. मात्र गेम बॉय चालतो ५ व्होल्टवर आणि पिको ३.३ वर, त्यामुळे मधे व्होल्टेज जुळवणारी चिप घालायला विसरू नये.