इंटर्नशिप

इंटर्नशिप : पदवीचे शिक्षण चालू असताना किंवा ते संपताच विद्यार्थ्याने एखाद्या कंपनीत, कार्यालयात, रुग्णालयात, प्रयोगशाळेत किंवा शेतावर ठरावीक मुदतीसाठी केलेले काम. काम शिकणे हा तिचा सांगितलेला हेतू. त्या ओळखीतून चांगली नोकरी मिळावी हा विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या मनातला हेतू. सरकारी मराठीत तिला कार्य प्रशिक्षण म्हणतात; डॉक्टर आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीत आंतरवासिता हा शब्द चालतो. महाविद्यालयांत मात्र इंटर्नशिप हाच शब्द रुळला आहे, आणि ‘नोकरी लागली’ म्हणतात तसेच मुले ‘इंटर्नशिप लागली’ म्हणतात. या एका क्रियापदावरूनच ते तिच्याकडे कशा नजरेने पाहतात हे कळते.

मराठीत या प्रथेला जुने आणि नेमके नाव आहे, ते म्हणजे उमेदवारी. फारसीतल्या उमेदीपासून, म्हणजे आशेपासून, आलेला हा शब्द निवडणुकीच्या अर्जाला चिकटण्याआधी कचेरीत वावरत होता. जाणत्या कारकुनाच्या हाताखाली दप्तर लावायला, हिशेब ताडायला, नकला करायला शिकणारा, आणि जागा रिकामी झाली की आपल्याला घेतील या आशेवर बसलेला तरुण तो उमेदवार. जागा मिळेपर्यंत पगाराची खात्री नसे. म्हणून गावात कोणा नातेवाइकाकडे पाठ टेकायला आणि दोन वेळा जेवायला सोय असलेल्यालाच हा मार्ग परवडे. शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा इंटर्नशिपचा आजचा सर्वांत अवघड प्रश्न तेव्हाही होताच. भारतात १९६१ साली झालेल्या अॅप्रेंटिस कायद्याच्या मराठी व्यवहारात ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द आला आणि जुनी उमेदवारी अशी कायद्यात शिरली.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कामाला जागा देण्याचा पद्धतशीर प्रयोग अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी सुरू केला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात घालवायचा, अशी ती योजना होती. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाने १९५७ मध्ये आपली उभारणीच या पायावर केली. भारतात पिलानीच्या बिट्स या अभियांत्रिकी-विज्ञान संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. त्यात दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि शेवटच्या टप्प्यावर एक पूर्ण सत्र विद्यार्थी उद्योगात असतो, आणि त्या कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. संस्थेच्या गोवा केंद्रातही हीच पद्धत आहे.

इंटर्नशिपमधून नोकरी नेमकी कशी मिळते, हे अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्थांत सर्वांत स्पष्ट दिसते. आयआयटीत तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या मुलाखती पावसाळ्यातच सुरू होतात आणि निवड झालेली मुले पुढच्या मे ते जुलै कंपनीत जातात. व्यवस्थापनाचे विद्यार्थी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात दोन महिने काम करतात. प्रत्येकाला एक मेंटॉर, म्हणजे कंपनीतला मार्गदर्शक, एक प्रकल्प आणि अखेरीस सादरीकरण असते. काम पसंत पडले की कंपनी ‘पीपीओ’ देते, म्हणजे प्लेसमेंटचा (कॅम्पसमधून नोकरभरतीचा) हंगाम उघडण्यापूर्वीच पूर्णवेळ नोकरीचा प्रस्ताव. आयआयटीत हा हंगाम १ डिसेंबरला सुरू होतो. पीपीओ हातात असलेला विद्यार्थी त्या दिवसाकडे निवांतपणे पाहू शकतो.

कंपनीलाही हे सोयीचे आहे. तासाभराच्या मुलाखतीत उमेदवाराची तयारी दिसते. आठ आठवड्यांत त्याची सवय दिसते. अडल्यावर तो दोन दिवस गप्प बसतो की दुपारपर्यंत विचारतो, झालेली चूक लपवतो की सांगतो, दुसऱ्याने लिहिलेला गुंतागुंतीचा कोड वाचायला कंटाळतो का, हे कोणत्याही परीक्षेत उमटत नाही. म्हणून पीपीओ सर्वांत हुशार मुलालाच मिळतो असे नाही. ज्याच्यावर पुढचे काम सोपवायला मेंटॉरला धीर वाटतो त्याला तो मिळतो. उलट बाजूही महत्त्वाची आहे. ज्या कामाची वर्षानुवर्षे ओढ होती ते आपल्याला आवडत नाही, हे विद्यार्थ्याला दोन महिन्यांत कळू शकते. असे कळणे हा इंटर्नशिपचा मोठा लाभ आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रावर होत नाही. पुण्यातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत वेगळी रीत दिसते. तिथे शेवटच्या सत्रात सहा महिने इंटर्न म्हणून घेतात आणि मग ‘कन्व्हर्ट’ करतात, म्हणजे पूर्णवेळ नोकरीत घेतात. कन्व्हर्ट होण्याचे लेखी आश्वासन असते की तोंडी, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. विचारल्याने कोणी इंटर्नशिप काढून घेत नाही.

इंटर्नशिप हा शब्द न वापरता चालणारी या देशातली कदाचित सर्वांत कसून घेतलेली उमेदवारी म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटची आर्टिकलशिप. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या (सीएंच्या) संस्थेच्या परीक्षा कितीही चांगल्या गुणांनी दिल्या, तरी एखाद्या सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप केल्याशिवाय सदस्यत्व मिळत नाही. ती पूर्वी तीन वर्षांची होती. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. पहिले काही महिने व्हाउचर तपासणे, बँकेचा ताळा जुळवणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे यांत जातात. मग ऑडिटसाठी क्लायंटकडे पाठवतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या मुदतीला रात्री उशिरापर्यंत कार्यालयात बसावे लागते. किमान विद्यावेतन संस्थेने शहराच्या लोकसंख्येनुसार ठरवलेले आहे आणि ते मुंबईत राहण्याच्या खर्चापुढे फार तोकडे पडते. तरीही ही व्यवस्था टिकली, कारण तिला लेखी करार आहे, ठरलेली मुदत आहे आणि शिकवण्याची जबाबदारी एका नावावर आहे. बहुतेक इंटर्नशिपमध्ये या तीनपैकी एक तरी गोष्ट नसते.

इतर व्यवसायांचे नियम थोडक्यात असे : एमबीबीएसनंतर बारा महिन्यांची फिरती, म्हणजे रुग्णालयाच्या वेगवेगळ्या विभागांतली, आंतरवासिता सक्तीची आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याला एका सत्राचे कार्यालयीन प्रशिक्षण असते, तर बी.एड.च्या विद्यार्थ्याला शाळेत आंतरवासिता करावी लागते.

महाराष्ट्रात खेड्यापाड्यांना ओळखीचा झालेला इंटर्न मात्र कृषीचा आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ या कार्यक्रमाखाली गावांत जातात. गावकरी त्यांना कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणतात. बियाण्याला बीजप्रक्रिया कशी करायची, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, निंबोळी अर्क कसा तयार करायचा याची प्रात्यक्षिके ते बांधावर करून दाखवतात, आणि त्यांचे फोटो स्थानिक वर्तमानपत्रांत नित्याने येतात. फोटोपलीकडे जे घडते ते जास्त मोलाचे. एकरी खर्च, पाण्याची पाळी आणि मजुरीचा दर शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलेला विद्यार्थी पुढे बियाणे कंपनीत, बँकेच्या कृषी कर्ज विभागात किंवा कृषी सेवा परीक्षेच्या मुलाखतीत बसतो, तेव्हा त्याच्याजवळ पाहिलेले उदाहरण असते.

पैशांच्या बाबतीत कायदा दोन तुकड्यांत आहे. अॅप्रेंटिस कायद्याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अॅप्रेंटिसचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवले आणि ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर अॅप्रेंटिस घेण्याचे बंधन आणले. पश्चिम विभागासाठी या अॅप्रेंटिसांचे प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे. पण कायद्याखाली नोंद न झालेल्या साध्या इंटर्नशिपला असे किमान विद्यावेतन नाही. त्यामुळे एकाच इमारतीत एका मजल्यावरच्या इंटर्नला महिन्याला लाखभर रुपये आणि दुसऱ्या मजल्यावरच्याला फक्त प्रमाणपत्र, असे घडू शकते. वृत्तपत्रे, जाहिरात, फॅशन, स्वयंसेवी संस्था आणि वकिलांची कार्यालये या क्षेत्रांत बिनपगारी इंटर्नशिप सर्रास चालते. आई-वडिलांचे घर मुंबईत असलेल्या मुलीला ती करता येते. हिंगोलीच्या मुलीला आधी पेइंग गेस्टची अनामत रक्कम भरावी लागते. चांगल्या नोकरीची वाट इंटर्नशिपमधून जात असेल, तर ती वाट अशा ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरते, आणि हा अन्याय आहे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेऊन, चार ध्वनिचित्रफिती दाखवून, ‘इंटर्नशिप पूर्ण’ असे प्रमाणपत्र विकणाऱ्या संस्था. नोकरी देणाऱ्याने त्या कामाविषयी दोन प्रश्न विचारले की ते प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते.

सरकारने २०२४ मध्ये केंद्र आणि राज्य अशा दोन्ही स्तरांवर यात हात घातला. केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण वा नोकरीत नसलेल्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत १२ महिन्यांची इंटर्नशिप, महिना ५,००० रुपये आणि एकदा ६,००० रुपये देण्याचे ठरले. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठेवले गेले. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे वाढवली गेली. हजारो तरुण तहसील कचेऱ्यांत, शाळांत, ग्रामपंचायतींत कामाला लागले, आणि मुदत संपत आली तेव्हा ‘आम्हाला कायम करा’ या मागणीसाठी प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. त्यांना दोष देता येणार नाही. रोज कचेरीतले नियमित काम करणाऱ्याला आपण त्या कचेरीचे आहोत असे वाटणारच. जुना उमेदवारही याच आशेवर बसत असे.

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप व्हिसाशी बांधलेली असते. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याला सीपीटी आणि पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या कामाला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना त्यापुढे २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यातून वगळली आहे, पण तीन महिन्यांहून लांबलेल्या ऐच्छिक इंटर्नशिपला तो लागू होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ४ श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे, ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्र प्रकल्प आणला. पदवीच्या अभ्यासक्रमांतही त्याला स्थान आहे. मराठी, इतिहास, वाणिज्य अशा शाखांतल्या विद्यार्थ्यालाही आता इंटर्नशिप शोधावी लागते. तालुक्याच्या गावी त्याच्यापुढे असतात पतसंस्था, दूध संघ, साखर कारखान्याचे शेतकी कार्यालय, बाजार समिती, वाचनालय, स्थानिक साप्ताहिक. ही सगळी खरी कामाची ठिकाणे आहेत, आणि बाजार समितीत आवक-जावक नोंदवायला शिकलेला वाणिज्य पदवीधर शहरातल्या कित्येकांपेक्षा व्यवहार चांगला जाणतो. अडचण तिथे पोचण्याची आहे. १२० तास म्हणजे रोज चार तास धरले तरी तीस दिवसांच्या फेऱ्या, आणि एसटीचा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गाचा असतो.