दोर कुठून वळला

७ मार्च १९०० ची सकाळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली माणसं कामाला निघाली, तर वस्तीभोवती दोर बांधलेला आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस. आदल्या दिवशी तिथल्या एका हॉटेलच्या तळघरात एक चिनी माणूस मरून पडलेला सापडला होता. जांघेत गाठ होती. आपल्याकडे चार वर्षांपूर्वी ज्याला लोक ‘गाठीचा ताप’ म्हणू लागले होते, तोच हा रोग, म्हणजे प्लेग, असल्याचा डॉक्टरांना संशय आला.

दोर सरळ नव्हता. गोऱ्या माणसाचं दुकान आलं की तो वळसा घालून पुढे जायचा. गोऱ्यांना बाहेर पडू दिलं, चिन्यांना अडवलं. प्लेगच्या जंतूला दारावरची पाटी वाचता येते, अशी खात्री असल्यासारखी ती आखणी होती.

यात नगरपालिकेचं सगळंच चुकलं नव्हतं. रोग खरा होता. जोसेफ किनयून या जंतुशास्त्रज्ञाने मृताच्या गाठीतला अंश प्राण्यांना टोचला आणि ते काही दिवसांत मेले. चायनाटाउन दाटीवाटीचं आणि कोंदट होतं, हेही खरंच. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. वस्ती घाण, म्हणून माणसं घाण आणि म्हणून रोग त्यांचा. प्लेग हा भात खाणाऱ्यांना होणारा रोग आहे, असा समज तेव्हा अधिकाऱ्यांमध्येही होता. (कोकणातल्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.) त्या कोंदट इमारती बहुतांशी गोऱ्या मालकांच्या होत्या, चिन्यांना शहरात इतरत्र कोणी राहू देत नसे आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दारच बंद झालं होतं. ‘ही माणसं एकमेकांना चिकटून का राहतात?’ या प्रश्नाचं उत्तर भाडेपावतीवर मिळालं असतं.

मे महिन्यात आणखी एक हुकूम निघाला. लस टोचून घेतल्याशिवाय चिनी आणि जपानी माणसाने शहर सोडायचं नाही. ही लस मुंबईची. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ती तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. हाफकिन स्वतः ओडेसाहून देशोदेशी फिरत आलेले ज्यू. १८९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टायफस हा साथीचा ताप पसरला, तेव्हा रशियातून आलेल्या त्यांच्याच धर्मबांधवांना ‘रोग आणणारे’ म्हणून वेगळं काढलं गेलं होतं. चायनाटाउनच्या लोकांनी या हुकुमाविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी तो रद्द केला. आशियाई माणसाला प्लेगचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, याचा पुरावा कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. मध्यंतरी सुटलेला दोर पुन्हा बांधला गेला, तोही त्यांनी जूनमध्ये काढायला लावला.

पुरावा जमवण्याचं काम मुंबई इलाख्यात चाललं होतं. उंदीर पडायला लागले की माणसांनी घर सोडायचं, हे आपल्याकडच्या लोकांना अनुभवाने कळलं होतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं, की उंदरावरची पिसू रोग पसरवते. बहुतेकांनी त्याची टर उडवली. पुढे १९०५ पासून भारतातल्या प्लेगचा अभ्यास करणाऱ्या प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत याचा पिच्छा पुरवला. आजारी आणि निरोगी प्राणी एकाच जागी, एकमेकांच्या मलमूत्रात ठेवले. पिसवा नसल्या तर रोग पसरेना. पिसवा सोडल्या की पसरला. मग प्लेगच्या घरांमध्ये गिनीपिगचे पिंजरे नेले. पिसू साधारण चार इंच उंच उडते. त्याहून बराच वर टांगलेला पिंजरा सुरक्षित, जमिनीवरचे गिनीपिग मात्र आजारी. हवा तीच, घाण तीच, खोली तीच. आयोगाचा निष्कर्ष रोखठोक होता: अस्वच्छतेचा प्लेगशी संबंध उंदरांना थारा मिळण्यापुरताच.

सॅन फ्रान्सिस्कोत निसर्गानेच जणू उलटतपासणी घेतली. पहिल्या साथीत १९०४ पर्यंत १२१ रुग्ण झाले, बहुतेक चिनी. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत चायनाटाउन जळून गेलं, आणि पुन्हा उभं राहिलं ते विटा-काँक्रीटचं. बाकीच्या शहरात मात्र मोडकी गटारं, ढिगारे, बेघरांच्या छावण्या, म्हणजे उंदरांना आंदणच. १९०७ मध्ये प्लेग परतला. या वेळी सुमारे १६० रुग्ण झाले आणि त्यांत बहुसंख्य गोरे होते. चायनाटाउन जवळजवळ सुटलं. रूपर्ट ब्लू या डॉक्टरने दोर बांधला नाही. त्याने सापळे लावले, तळघरांना काँक्रीट घातलं, कचऱ्याला झाकणाचे डबे सक्तीचे केले. गोऱ्यांच्या खाण्यापिण्याबद्दल किंवा संस्कारांबद्दल कोणी अहवाल लिहिला नाही.

असं का होतं? १९७६ मध्ये डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. ‘अ’ गटातल्या माणसांबद्दल २६: १८ चांगल्या वागण्याची, ८ वाईट. ‘ब’ गटाबद्दल १३: ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे अगदी तेच, नऊला चार. तरी वाचणाऱ्यांनी वाईट कृत्यं ‘ब’च्या खात्यावर जास्त टाकली. ‘अ’ आणि ‘ब’ कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे जुन्या द्वेषाचा प्रश्न नव्हता. संशोधकांचं म्हणणं असं, की कमी दिसणारा गट आणि कमी घडणारं कृत्य एकत्र आलं, की ते मनात रुतून बसतं. पुढे इतरांनी याची वेगळी कारणंही मांडली, पण परिणाम स्वतः पुन्हापुन्हा दिसला आहे.

त्यात आपलं-परकं मिसळलं की काय होतं, हे लोकलमध्ये रोज ऐकू येतं. आपल्या भाच्याने खिडकीतून वेफर्सचं पाकीट टाकलं तर ‘डबा कुठे ठेवलाय इथे?’, आणि समोरच्या परप्रांतीयाने टाकलं तर ‘ही लोकं अशीच’. टोरांटोत किंवा लंडनमध्ये तोच भाचा ‘ही लोकं’ होतो, तेव्हा आपल्याला ते फार लागतं.

डब्याचा मुद्दा मात्र खराच आहे. रॉबर्ट चाल्डीनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर जाहिरातीचे कागद अडकवले. जमीन स्वच्छ होती तेव्हा १४ टक्के लोकांनी कागद खाली टाकला. आधीच कचरा पसरून ठेवला होता तेव्हा ३२ टक्क्यांनी. बदलली ती फक्त जमीन.

प्लेगचे जंतू कॅलिफोर्नियातून गेले नाहीत. ते उंदरांवरून रानातल्या खारींमध्ये पसरले आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात अजून आहेत. तिथे वर्षाला सरासरी सातेक रुग्ण सापडतात, बहुतेक मोकळ्या, विरळ वस्तीच्या मुलखात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबूत राहून आलेल्या एका मुलाला प्लेग झाला. मग उद्यानाने तुओलुमी मेडोज इथली तंबूंची जागा काही दिवस बंद ठेवून पिसवा मारण्याचं औषध टाकलं.