काळुंदर फोटोत हलते? आधी लाईट बघा

मालवणला आमच्या माजघरात दोन फुटी टँक आहे, त्यात झेब्रा मासे आहेत, आणि बाजूच्या छोट्या टँकमध्ये खाडीतून आणलेली बोटाएवढी काळुंदर, म्हणजे पर्लस्पॉट मासा. परवा भाच्याने मोबाईलवर तिचे चाळीसेक फोटो काढले आणि म्हणाला, मामा एकपण धड नाही आला, कॅमेराच बेकार आहे. कॅमेरा चांगला आहे हो. टँकमधल्या माशाचा फोटो बिघडतो त्यामागे बहुतेक वेळा साधं भौतिकशास्त्र असतं, आणि ते कळलं की मोबाईलवरपण मस्त फोटो येतो.

पहिला हिशोब वेगाचा. झेब्रा दोन फुटी टँक या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात 2 सेकंदात पार करतो, म्हणजे सेकंदाला साधारण 30 सेंटिमीटर. घरातल्या उजेडात मोबाईल आपलाआपण शटर, म्हणजे फोटो घेताना उजेड आत येण्याचा वेळ, 1/60 सेकंद ठेवतो, तेवढ्यात मासा 5 मिलिमीटर पुढे गेलेला असतो, आणि झेब्राचं अख्खं डोकं जवळपास तेवढंच असतं! म्हणून फोटोत मासा न दिसता नुसता पट्टा दिसतो. प्रो मोडमध्ये जाऊन शटर 1/500 केलं की सरकणं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतं, डोळा डोळ्यासारखा दिसायला लागतो. पण उजेड आठपट कमी झाला, मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, 200 चा 1600 करा, म्हणजे फोटोत दाणे आले. यातून सुटायचा खरा मार्ग एकच, टँकवर उजेड वाढवा.

हे आजचं दुखणं नाही. 1926 साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लॉन्गली आणि चार्ल्स मार्टिन या दोघांनी पाण्याखाली माशाचा पहिला रंगीत फोटो काढला, तेव्हाच्या रंगीत काचेच्या प्लेटला इतका प्रचंड उजेड लागायचा की त्यांनी वर तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली. आपल्याला घरात तसलं काही करायचं नाहीये, झाकणाच्या काचेवर एक चांगली एलईडी ट्यूब आडवी ठेवली तरी भागतं.

फक्त ट्यूब बघून घ्या. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातली एलईडी सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होत असते, डोळ्याला कळत नाही पण मोबाईलचा सेन्सर फोटो एकेक ओळ करून वाचतो, म्हणून शटर फास्ट केलं की फोटोत काळे आडवे पट्टे येतात. 1/100 ला पट्टे जातात पण मासा हलतो. भाच्याचे निम्मे फोटो याच्यातच गेले होते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, चांगलं असलेली ट्यूब लावा किंवा खिडकीतून दिवसाचा उजेड येऊ द्या.

मोबाईलचा फ्लॅश मात्र बंदच ठेवा. एक तर तो समोरून काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतो, दुसरं म्हणजे माशाला पापण्या नसतात, अंधारात एकदम उजेड पडला की बिचारा दचकून काचेवर आदळतो, आणि तिसरं कारण माशाच्या अंगातच आहे, ते मला सगळ्यात आवडतं. बांगडा साफ करताना हाताला जी चांदी चिकटते ना, ती ग्वानीनची असते, हो तेच ग्वानीन जे आपल्या डीएनएमध्ये आहे. माशाच्या कातडीत त्याच्या अतिपातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, मधेमधे पेशीतला द्रव, आणि प्रत्येक थरावरून परत आलेला प्रकाश एकमेकांत मिसळून चकाकी तयार होते. म्हणजे मासा हा चालताफिरता आरसाच. समोरून उजेड टाकला तर पांढराफट्ट डाग येतो, वरून तिरका टाकला तर तोच मासा वळताना हिरवट, निळसर, गुलाबी झाक दाखवतो. समुद्रातपण उजेड वरूनच येतो, त्याचं अंग त्यासाठीच बनलंय.

काचेचं थोडक्यात सांगतो. मोबाईल काचेला अगदी समोरासमोर धरा, तिरका धरलात तर पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना लाल-निळा प्रकाश वेगवेगळा वळतो आणि माशाला रंगीत कडा येतात. पाणी प्रकाशाला वाकवतं म्हणूनच 40 सेंटिमीटर मागे असलेला मासा 30 वर दिसतो, आणि कोपऱ्यात बघितलं तर एकाचे दोन दिसतात कारण बाजूची काच आतून आरशासारखी वागते. खोलीतले दिवे बंद करा, मागे काळी चादर टाका, काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग पुसून घ्या नाहीतर फोकस तिथेच जाऊन बसतो.

आता मुख्य गोष्ट, माशाच्या मागे मोबाईल घेऊन फिरू नका. आमचे आजोबा खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचे, ते म्हणायचे, "मासो खय आसा ता बघू नको, खय जातलो ता बघ." झेब्रासारखे मासे सतत शेपटी मारत नाहीत, दोन-चार जोरात फटकारे मारतात आणि मग अंग सरळ ठेवून नुसते घसरतात, त्यात त्यांची ताकद वाचते. फोटो त्या घसरण्यात घ्यायचा. काळुंदरचं वेगळं, ती छातीचे पर हलवत एका जागी तरंगते, मग वळते, आणि वळण्याआधी क्षणभर स्तब्ध असते. तिची रोजची वाट पंधरा मिनिटं बसून बघा, एका दगडापाशी फोकस लॉक करा, ती तिथे आली की बर्स्टवर, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो काढण्यावर, बोट दाबून धरा. त्याआधी दहा मिनिटं फिल्टर बंद, म्हणजे खाण्याचा चुरा खाली बसतो, आणि नंतर आठवणीने चालू करा.

काल संध्याकाळी भाचा असाच बसला होता, पाऊस पडत होता, लाईट जाते की काय ही धाकधूक वेगळीच. साठ-सत्तर फोटोंत एक आलाय. मोठा करून बघितला तर अंगावरच्या उभ्या काळपट पट्ट्यांमधल्या खवल्यांवरचा एकेक मोत्यासारखा ठिपका मोजता येतो, आणि डोळ्यात वरच्या ट्यूबची बारीक पांढरी रेघ दिसते.