उकडलेलं अंडं आणि चांदीचा चमचा

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या सधन घरांत न्याहारीच्या टेबलावर अंड्यांसाठी चांदीचा खास स्टँड असे. त्यात अंडी उभी ठेवायचे छोटे पेले आणि तेवढेच चमचे. त्यातला एखादा चमचा जवळून पाहावा. दांडा चांदीचा, शुभ्र. पुढचा खोलगट भाग मात्र पुष्कळदा सोनेरी. पेल्यांनाही आतून तसाच सोन्याचा मुलामा. हा श्रीमंतीचा थाट होताच, पण सोनं नेमकं तिथेच लावलं जाई ते अंड्यामुळे.

अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांत गंधक असतं. अंडं उकडताना त्या प्रथिनांची घडी मोडते आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. फार वेळ उकडलेल्या अंड्यात बलकाभोवती हिरवट कडं दिसतं, ते या वायूचा बलकातल्या लोहाशी संयोग झाल्यामुळे. चांदीशी संयोग झाला की सिल्व्हर सल्फाइड बनतं. चांदीवरचा काळा थर तो हाच. हवेत हा वायू नाममात्र असतो, म्हणून कपाटातली चांदी सावकाश काळवंडते. अंड्यात बुडालेला चमचा मात्र जेवता जेवता रंग बदलतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळा. सुरुवातीचे रंग थराच्या पातळपणामुळे दिसतात: त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, आणि थर जाडावत जाईल तसा रंग पालटतो.

सोन्यावर या वायूचा असा डाग पडत नाही. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई करतात ती अन्न कळकू नये म्हणून. इथे अन्नापासून भांड्याला जपायचं होतं.

या मुलाम्याची किंमत कारागिरांनी मोजली. सोनं पाऱ्यात विरघळवून तो लगदा चांदीवर लावायचा आणि वस्तू तापवायची. पारा उडून जाई, सोनं चिकटून राही, आणि पाऱ्याची विषारी वाफ कारागिराच्या छातीत जाई. चमकणारी वाटी पाहताना हे विसरू नये असं मला फार वाटतं. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि पाऱ्याची पद्धत हळूहळू मागे पडली. नव्या द्रावणातही सायनाइड होतंच.

मिठाचा त्रास वेगळा. स्टर्लिंग चांदीत हजारात 925 भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं असतं, कारण निव्वळ चांदी फार मऊ. दमट मिठातले क्लोराइड या मिश्रधातूला खातात, हिरवट डाग पडतात आणि बारीक खड्डे होतात. डाग निघतो, खड्डा राहतो. म्हणून मिठाच्या आणि मोहरीच्या चांदीच्या भांड्यांत निळ्या काचेची वाटी बसवत. तो निळा रंग कोबाल्टचा.

चहाच्या किटलीत हीच चांदी वेगळी वागते. उष्णता वाहून नेण्यात धातूंमध्ये ती सर्वांत पुढे, स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट तरी. त्यामुळे किटलीचा कान लाकडाचा असे, किंवा चांदीच्या कानात हस्तिदंताच्या चकत्या घालून उष्णतेची वाट तोडत. तरी चहा बराच वेळ गरम राही, कारण चकचकीत धातू उष्णता फार कमी उत्सर्जित करतो. स्कॉटलंडच्या जॉन लेस्ली यांनी 1804 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे दाखवलं होतं.

काळी पडलेली चांदी आपल्याकडे रांगोळीने घासायची पद्धत आहे. जुन्या भांड्याला ती लावू नये. घासलं की थराबरोबर चांदीही जाते, कोरलेली नक्षी बोथट होते, हॉलमार्कचा, म्हणजे चांदीच्या शुद्धतेच्या शिक्क्यातला, सिंह पुसट होतो. शेफील्ड प्लेटमध्ये तर तांब्यावर चांदीचा पातळ पत्रा असतो. वर्षानुवर्षं घासून आतलं तांबं लालसर डोकावू लागतं. अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा यांत चांदी बुडवली तर अॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. त्या वेळी कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याच वायूचा. पण नक्षीच्या खाचांतला जुना काळेपणाही त्यात निघून जातो, आणि राळ भरलेल्या मुठीच्या सुऱ्या गरम पाण्यात ठेवल्या तर मूठ सैल होते. मुलाम्याचा चमचा खाऊन झाल्यावर लगेच कोमट पाण्यात साबणाने धुवावा आणि मऊ कापडाने कोरडा करावा. त्याला एवढं पुरतं.