कार्प माशांच्या आमिषासाठी घरगुती आकर्षक द्रव

गळाने मासे धरताना आमिषात मुरवण्यासाठी, त्यावर चोळण्यासाठी किंवा चाऱ्यात (मासे जमवण्यासाठी पाण्यात टाकायच्या खाद्यात) कालवण्यासाठी घरी तयार केलेले अर्क, काढे व आंबवणी. सायप्रिनस (सायप्रिनस कार्पिओ), रोहू, मृगळ व कटला या कार्प कुलातील माशांसाठी ते वापरतात. पाण्याखाली वास व चव या दोन्ही संवेदना विरघळलेल्या पदार्थांवरच चालतात. त्यामुळे माणसाच्या नाकाला किती उग्र लागते यापेक्षा काय विरघळते आणि किती वेगाने पाझरते, यावर द्रवाची गुणवत्ता ठरते.

उगम : याबद्दल एकमत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील मत्स्यविनोद हे प्रकरण भारतातील गळाच्या मासेमारीचा महत्त्वाचा जुना पुरावा मानले जाते. ग्रंथाचे साल बहुधा ११२९ असे दिले जाते. ११३१ हेही आढळते. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील श्रीगोंदेकरांच्या आवृत्तीमुळे तो अभ्यासकांच्या हाती आला आणि १९५१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचे मत्स्यशास्त्रीय विवेचन केले. काही लेखक आकर्षकांची परंपरा येथपासून मोजतात. परंतु त्या प्रकरणाचा भर माशांना ठरावीक ठिकाणी खाऊ घालून सवय लावण्यावर, म्हणजे चाऱ्यावर आहे. दहाव्या शतकात संकलित झालेल्या जिओपोनिका या बायझंटिन ग्रंथाच्या विसाव्या भागात आमिषांच्या कृती आहेत, पण त्या आधीच्या लेखकांकडून घेतलेल्या असल्याने त्यांचा काळ संकलनाच्या सालावरून ठरवणे धोक्याचे आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनच्या १६५३ मधील पुस्तकात कार्पसाठी मध किंवा साखर घातलेल्या कणकेची शिफारस आहे.

या सर्वांत गोडवा, गंध व आंबूसपणा आमिषाच्या पोटातच आहे. आकर्षक द्रव ही वेगळी वस्तू ठरली ती बहुधा १९७० नंतर, इंग्लंडमध्ये अंड्याने बांधलेल्या उकडलेल्या गोळ्या (बॉइली) रुळल्यावर. मऊ कणकेतून चव आपोआप पाझरते. उकडलेल्या गोळीवर मात्र गोठलेल्या अंड्याची साल धरते आणि आतले पदार्थ कोंडले जातात, म्हणून बाहेरून द्रव देण्याची गरज पडली. हे कारण लक्षात घेता अलीकडचा उगम मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. बंगालमधील ‘चार’ ही परंपरा मात्र वेगळी मोजावी लागते. मोहरीची पेंड, मेथी, एकांगी (आले-हळदीच्या कुळातील सुगंधी कंद), कस्तुरभेंडीचे बी, तुपाची बेरी व ताडी यांची आंबवलेली मिश्रणे तेथील गळवाले पिढ्यान्‌पिढ्या रोहू-कटल्यासाठी करत आले आहेत आणि त्यांचा पातळ भाग आकर्षक द्रवाचेच काम करतो.

क्रियातत्त्व : इंग्लिश गळवाले फ्रेड विल्टन यांनी असे मांडले, की मासा आमिषातील पोषणमूल्य ओळखतो आणि त्याच आमिषाकडे परत येतो. दुसरे मत केवळ चवीच्या उद्दीपनाचे आहे. सायप्रिनसच्या ओठांवर, तोंडात व मिशांच्या दोन जोड्यांवर चवीच्या कलिका असतात. त्यांवरील प्रयोगांत प्रोलिन, ॲलानिन, सिस्टीन, ग्लुटामिक अम्ल यांसारख्या मुक्त ॲमिनो अम्लांना स्पष्ट प्रतिसाद मिळाला आहे. घरगुती कृतींचे यश समजून घ्यायला एवढे पुरते: प्रथिनांचे तुकडे करून त्यांतली ॲमिनो अम्ले मोकळी करणे, हाच चांगल्या द्रवाचा गाभा आहे.

जवळ्याचा अर्क : सुका जवळा २०० ग्रॅ. चाळून, वाळू व वरचे मीठ जाण्यापुरता पटकन धुऊन भरड वाटतात. त्यात ८०० मिलि. पाणी व सालीसकट वाटलेली कच्ची पपई ८० ग्रॅ. घालून मिश्रण ५०–५५° से. तापमानात ४ तास ठेवतात आणि अधूनमधून ढवळतात. पपईच्या चिकातील पपेन हे विकर (एन्झाइम) या तापमानाला प्रथिने वेगाने तोडते. मिश्रण पातळ होऊन तांबूस-तपकिरी दिसू लागले की काम झाले. ते ४०° से.च्या खाली रात्रभर राहिले तर विकराऐवजी जंतूंचा जोर होतो आणि अमोनियासारखा वास येतो. असा घाणा टाकून द्यावा. सहा तासांपुढे नेल्यास कडवट पेप्टाइडे (प्रथिनांचे छोटे तुकडे) वाढतात.

यानंतर मिश्रण ९०° से.पर्यंत नेऊन १५ मिनिटे ठेवतात. ही पायरी कधीही गाळू नये. पपेन उष्णता बरीच सोसते. ते जिवंत राहिले तर अर्कात मुरवलेल्या बॉइलीतील अंड्याची प्रथिनेही पचवते आणि गोळी पृष्ठभागावर बुळबुळीत होऊन गळावरून सुटते. दोष मग उकडण्याला दिला जातो, खरे कारण अर्कात असते.

अर्क निवल्यावर फडक्यातून गाळून दर लिटरला १०० ग्रॅ. मीठ आणि पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४ च्या आसपास येईपर्यंत सायट्रिक अम्ल (लिंबूसत्त्व) घालतात. अम्ल गाळण्यापूर्वी घालू नये. जवळ्याच्या कवचातील कॅल्शियम कार्बोनेट ते खाऊन टाकते, फेस येतो आणि पीएच जागचा हलत नाही.

मक्याचे आंबवण : बाजारी ‘कॉर्न स्टीप लिकर’ हे मक्यापासून स्टार्च काढताना मिळणारे उपउत्पादन. गंधक डायऑक्साइड मिसळलेल्या, सु. ५०° से. पाण्यात मका भिजवून, ते पाणी आटवून ते तयार होते. (१९४१ नंतर अमेरिकेत पिओरिया येथील प्रयोगशाळेत पेनिसिलिनचे उत्पादन वाढले ते याच द्रवामुळे.) घरी केलेले आंबवण त्याची बरोबरी करत नाही, तरी उपयुक्त असते. मका १ किग्रॅ. ३ लिटर पाण्यात २४ तास भिजवून, दाणा बोटाने चिरडेपर्यंत त्याच पाण्यात शिजवतात. कोरडा किंवा अर्धकच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो, म्हणून तो वापरू नये. निवल्यावर १०० ग्रॅ. गूळ घालून झाकण सैल ठेवतात. उन्हाळ्यात ३, थंडीत ५–६ दिवसांत आंबट वास व बुडबुडे येतात. मीठ शेवटीच घालावे. आधी घातल्यास आंबण्याचा वेग मंदावतो. पृष्ठभागावर पांढरी साय आली तर काढून चालते, काळी-हिरवी बुरशी आली तर चालत नाही.

मसाल्याचे अर्क : मेथी पाण्यात घातली की तिचा बुळबुळीत गोंद सुटतो आणि गाळणे अशक्य होते. म्हणून भरडलेली मेथी किंवा बडीशेप ५० ग्रॅ. २५० मिलि. खाद्य ग्लिसरिनमध्ये आठवडाभर ठेवतात. सुगंधी तेले पाण्यात मिसळत नाहीत. लेसिथिनशिवाय (तेल व पाणी एकजीव करणाऱ्या पदार्थाशिवाय) ती थेट वर तरंगतात. त्यांची मात्रा किलोभर पिठाला ३–५ थेंब पुरते, अधिक झाल्यास मासा आमिष टाळतो.

वापर : कणीक मळताना निम्म्यापेक्षा कमी पाण्याच्या जागी द्रव घेतात. बॉइली आधी एक दिवस हवेत सुकवून मग किलोला ५०–८० मिलि. द्रव चोळतात, सुकलेली गोळी तो शोषून घेते. काकवी किंवा मिठाचे दाट द्रव गोळीतले पाणी ओढून तिला कडक करतात. मऊ आमिषाला ते तोट्याचे, पण लहान मासे कुरतडत असतील तेथे सोयीचे. पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए पिशवीत पातळ अर्क घातल्यास पिशवी हातातच वितळते; ग्लिसरिनचा किंवा मिठाने संपृक्त केलेला अर्क चालतो.

मासा कोणत्या थरात चरतो हेही पाहावे लागते. सायप्रिनस व मृगळ तळाशी चरतात, त्यांना काकवीने जड केलेला अर्क द्यावा. रोहू मधल्या थरात असतो. कटल्याला मिशा नसतात आणि तो वरच्या थरात गाळून खातो. त्याच्यासाठी पेंडीच्या बारीक भुकटीत पातळ अर्क मिसळून ढग उठवणे अधिक परिणामकारक.

साठवण : पीएच ४.५ च्या वर राहिलेल्या मांस-माशांच्या अर्कात, हवाबंद बाटलीत, विषारी जंतू वाढू शकतात. म्हणून पीएच पट्टीने तपासूनच बाटली भरावी, ती शीतकपाटात खाद्यपदार्थांपासून वेगळी ठेवावी आणि फुगलेली बाटली न उघडता टाकून द्यावी.