फुंकर मारल्यावर पेनड्राइव्ह का चालतो?

परवा अप्पा बळवंत चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात एका मुलाचा पेनड्राइव्ह 'दिसेना'. काउंटरमागच्या दादांनी तो काढला, तोंडाशी नेऊन जोरात फुंकर मारली, परत लावला, आणि लागला. "धूळ बसते हो," दादा म्हणाले. धूळ क्वचित अडते हे खरं, पण तोंडाच्या वाफेने पट्ट्या उलट दमट होतात. बहुतेक वेळा गुण येतो तो काढून परत लावण्याचा, कारण तेव्हा ओळखपरेड पहिल्यापासून होते.

ही ओळखपरेड मला फार आवडते. नेहमीच्या चपट्या यूएसबी प्लगमध्ये चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, जरा लांब. मधल्या दोन माहितीच्या, आखूड. म्हणजे आधी वीज पोचते, मग बोलणं. वीज मिळताच उपकरण माहितीच्या एका तारेला १.५ किलोओहमच्या रोधातून वर ओढतं, म्हणजे तिच्यावरचा व्होल्टेज वाढवतं. कोणती तार ओढली यावरून जुना, संथ माउस वेगळा कळतो. संगणक मग उपकरणाला रिसेट करतो. या क्षणी प्रत्येक नवख्याचा पत्ता ० असतो, म्हणून एका वेळी एकाचीच ओळख होते. संगणक विचारतो, उपकरण १८ बाइटांचं ओळखपत्र देतं. त्यात कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक असतो. मग १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. उपकरण आपणहून काही बोलत नाही. माउस हलवलात तरी संगणकाने विचारल्यावरच तो सांगतो.

त्या दोन क्रमांकांवरून किंवा उपकरणाच्या प्रकारावरून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर शोधतो; ड्रायव्हर म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम. पेनड्राइव्हचा ड्रायव्हर तयारच असतो. शेजारची इंजिनिअरिंगची मुलगी तापकीर गल्लीतून तापमान मोजणारा बोर्ड घेऊन आली, त्याला ड्रायव्हर नव्हता. लिनक्स प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी एक फाइल ठेवतं; अशा वेळी ती कामी येते. तिच्या बोर्डाची होती पहिल्या बसवरची, म्हणजे पहिल्या यूएसबी मार्गावरची, ००५. प्रोग्रॅम ती उघडतो, बोर्डाच्या इंटरफेसवर (बोर्डाच्या एका कामाच्या भागावर) ताबा मागतो आणि अर्ज भरतो: कुठला एंडपॉइंट (माहिती ये-जा करायचं दार), किती बाइट, आणायचे की पाठवायचे. तारेवर बोलणारा मात्र कर्नलच. दुसऱ्या ड्रायव्हरचा ताबा आधीच असेल तर 'बिझी' असं उत्तर येतं. हे अर्ज भरायचं किचकट काम लिबयूएसबी नावाची लायब्ररी करते. विंडोजमध्ये अशीच मध्यस्थी विनयूएसबी करतं.

"काका, परमिशन डिनाइड येतंय. मित्र म्हणतो सुडो लाव."

सुडो म्हणजे प्रोग्रॅम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने चालवणं. लावू दिलं नाही. कीबोर्डही यूएसबीवरच असतो. कुठल्याही प्रोग्रॅमला कुठलंही उपकरण उघडता आलं तर तुमचा पासवर्ड टाइप होतानाच वाचला जाईल. म्हणून या फाइलींमध्ये लिहायचा हक्क सहसा फक्त रूटला असतो. सुडो म्हणजे एका खोलीसाठी अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या देणं. त्याऐवजी यूडेव्हचा, म्हणजे लिनक्समध्ये या फाइलींचे हक्क ठरवणाऱ्या व्यवस्थेचा, एका ओळीचा नियम लिहिला: हा कंपनी क्रमांक, हा वस्तू क्रमांक, तेवढ्याच बोर्डाला मुभा. बोर्ड काढून परत लावला आणि परवानगी मिळाली.

तरी प्रोग्रॅम चालेना. तिने त्यात ००५ लिहून ठेवलं होतं, आणि परत लावल्यावर बोर्ड ००६ झाला होता. आता तिचा प्रोग्रॅम फाइलचा नंबर पाहत नाही; लावलेल्या सगळ्या उपकरणांचे ते दोन क्रमांक वाचून आपला बोर्ड शोधतो.