वाटाण्याची कुंडी आणि जमिनीवरचं कासव

तीन-चार वर्षांच्या पोराच्या हातात मोबाइल द्यावा की ठोकळे, हा वाद नाशिकमध्ये घरोघरी चालू आहे. बालवाडीच्या पालकसभेत तो हमखास निघतो आणि दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. पण हात आणि यंत्र यांची जोडी कालपरवाची नाही. त्या जोडीचा एक सुंदर नमुना तर आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने करून ठेवला आहे.

१८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी मुंबईत घरी एक प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला आणि रोप वर आलं. भांडवल घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेलं हे काम होतं, शिक्षणासाठी नव्हे. तरी लहान मुलांसाठी यंत्र कसं वापरावं याचा इतका नेमका धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही. बी पेरावं लागलं, पाणी घालावं लागलं, वाट पाहावी लागली. डोळ्याला जे दिसत नव्हतं तेवढंच कॅमेऱ्याने दाखवलं. पुढे १९१३ मध्ये फाळके नाशिकला आले. आगकाड्या एकेक करून हलवत त्यांनी त्याही पडद्यावर नाचवल्या.

हाताने शिकण्याची शास्त्रशुद्ध मांडणी त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल मुलांच्या हाती दिले. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींचं बालगृह उघडलं. त्यांच्या दट्ट्यांची, म्हणजे खोबणीत बसवायच्या लाकडी दंडगोलांची, गंमत अशी की चुकीच्या खोबणीत दट्ट्या नीट बसतच नाही. बाईंनी ‘चुकलं’ म्हणायची गरज उरत नाही, लाकूडच ते सांगतं.

आपल्याकडच्या भातुकलीत हेच तर आहे. नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेला पितळी संसार आठवा. डब्याला त्याचंच झाकण बसतं. उतरंड रचताना मोठं भांडं वर ठेवलं की सगळं खाली येतं आणि पोर निमूटपणे पुन्हा रचायला घेतं. कोणी रागवावं लागत नाही.

माँटेसरींची पद्धत भारतात रुजवली ती गिजुभाई बधेकांनी. त्यांचं भावनगरचं बालमंदिर १९२० चं, आणि ताराबाई मोडकांच्या साथीने उभा राहिलेला नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा. अडचण पैशाची होती. ती महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९५७ पासून कोसबाडला हे काम वाढलं. त्र्यंबकेश्वरहून मोखाडा, जव्हार ओलांडून डहाणूकडे उतरलं की कोसबाड येतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला.

संगणकाची गोष्टही हातापासूनच सुरू होते. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम केलेले गणिती सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. तिच्या हुकमावर जमिनीवरचं एक यांत्रिक कासव चालायचं आणि पेनाने रेघ ओढायचं. पन्नास पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असं चारदा केलं की चौकोन. मूल अडलं तर त्याला सांगायचं, तू स्वतःच कासव हो आणि चालून बघ. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी रॅडिया पर्लमन यांनी सत्तरच्या दशकात बटणं आणि खाचेत घालायची कार्डं केली. त्याच परंपरेत २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ ही मुलांची संगणक-भाषा आली आणि पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये ‘स्क्रॅच ज्युनिअर’.

आपल्याकडे मात्र यंत्र लहान मुलांपर्यंत पोचलं ते बघण्याची वस्तू म्हणून. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि मुलं टीव्हीसमोर बसून शिकू लागली. कार्यक्रम मन लावून केलेले होते, पण हात मांडीवरच राहिले. हात कामाला लावण्याचं व्रत त्या काळात अरविंद गुप्तांसारख्यांनी घेतलं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी त्रिकोण, घन आणि घरं उभी करून दाखवली.

मग २०२० ची टाळेबंदी आली आणि बालवर्गही मोबाइलवर भरू लागले. पाचच्या आतल्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, दोनच्या आत तर नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं होतं. २०२१ पासून अंगणवाडीत फोनवरचा पोषण ट्रॅकर आला, तो सेविकांच्या नोंदींसाठी. तीन ते आठ वयोगटाच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पुन्हा खेळाला मध्यभागी आणलं. २०२३ मध्ये आलेल्या ‘जादुई पिटारा’ या खेळण्यांच्या पेटीत बाहुल्या, कोडी, गोष्टीची पुस्तकं आहेत.

नाशिकच्या सिडकोतल्या एका अंगणवाडीत मी गेल्या पावसाळ्यात बसले होते. मुलांनी नारळाच्या करवंटीत माती भरून मटकी पेरली होती. रोज प्रार्थना झाली की ताई त्याच पाटावर, त्याच खुणेवर फोन टेकवून एक फोटो काढत. पाणी घालायची पाळी ठरलेली, आणि त्यावरून भांडणंही. आठव्या दिवशी ताईंनी सगळे फोटो भराभर पुढे सरकवले. पोरं डोक्याला डोकं लावून वाकली होती. एक मुलगी एकदम ओरडली, “ताई, ते उठून बसलं!” आणि फोन तिथेच सोडून सगळी करवंटीकडे धावली.